पेनिसिलिनचा अंगारा आणि माझं नाक

वऱ्हाड अजून मध्यप्रांतात होतं आणि पेनिसिलिन नुकतंच अमरावतीत पोचलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. माझ्या काकांच्या पाठीवर गळू झालं आणि नागपूरहून कुणीतरी पेनिसिलिनच्या मलमाची नळी आणून दिली. काकांचं गळू बसायला लागलं. झालं, त्या दिवसापासून नळीची जागा देव्हाऱ्यात.

तिन्हीसांजेला दिवा लागला की आई सगळ्यांना अंगारा लावायची. आता अंगाऱ्यापाठोपाठ मलम लागू लागलं. माझे वडील वकील, कोर्टात पुराव्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचे नाहीत, पण घरी आले की कोट उतरवून मुकाट्यानं रांगेत उभे राहायचे. काकांच्या गळवावरून फिरलेलं आईचं बोट तसंच आत्याच्या पुटकुळीवर, तिथून माझ्या नाकावर आणि उरलंसुरलं गाईच्या कानामागे. ‘भारी औषध हाये, जपून पुरवा लागते,’ म्हणत आई प्रत्येकाला मोहरीएवढंच लावायची. ज्याला काही झालेलं नाही त्यालाही लावायची, कारण अंगारा लावताना कुणाला वगळायची आमच्याकडे पद्धत नव्हती.

अशात मला एक स्थळ आलं. मुलगा मूळचा तेल्हाऱ्याच्या शेतकरी घरातला, अकोल्याच्या एका दवाखान्यात मागच्या खोलीत जंतू वाढवून तपासायचा. बायकोला पुढे शिकवायला त्याची ना नाही, असं मध्यस्थानं सांगितलं होतं. मला कॉलेजात जायचं होतं आणि असं बोलणारं हे पहिलंच स्थळ होतं, त्यामुळे मुलगा पाहण्याआधीच मला पसंत होता.

नेमकं पाहुणे यायच्या तोंडावर माझ्या नाकाच्या शेंड्यावर गळू उगवलं. आईनं नळी पिळून पिळून मलम थापलं. गळू आणखीच टम्म फुगलं. नथ घालायला गेले तर मी अशी किंचाळले की बैठकीत पक्षकारानं वडिलांना विचारलं, घरात काही झालं का. शेवटी बिननथीची, लाल नाकाची मी पोह्यांच्या बशा घेऊन पाहुण्यांपुढे गेले. रडू आवरत होते, त्यानं नाक आणखी लाल होत होतं.

मुलानं माझ्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिला. मला वाटलं, गेलं स्थळ. तो म्हणाला, “याला पेनिसिलिन लावलं होतं का?”

मी मान हलवली. आईनं मोठ्या अभिमानानं अंगाऱ्याची सगळी पद्धत सांगितली, गाईसकट. ऐकता ऐकता त्याचा चेहरा असा खुलला, की पोह्यांकडे त्याचं लक्षच राहिलं नाही. पिशवीतून त्यानं काचेची नळी आणि कापूस गुंडाळलेली काडी काढली आणि अदबीनं विचारलं, “थोडा पू मिळेल का?”

त्याच्या वडिलांनी कपाळाला हात लावला. “काहून रे, पोरगी पाहाले आलो आपन का पू पाहाले?”

पण मी नाक पुढे केलं. होणाऱ्या नवऱ्यानं मागितलेली ती पहिली वस्तू. ती घेऊन तो अकोल्याला गेला आणि पुढे बरेच दिवस काही निरोप आला नाही. आई म्हणायची, नाकामुळे बिनसलं. आत्या म्हणायची, पोहे खारट होते. माझं मात्र जेवणात लक्ष नव्हतं.

एका सकाळी बापलेक पुन्हा दारात. माझं गळू अजून पुरतं बसलं नव्हतं, आणि मुलाच्या नाकाच्या शेंड्यावर तसंच लालबुंद गळू. आमच्या घराचे जंतू वाढवता वाढवता त्यानं स्वतःचंच नाक चोळलं असावं.

बसल्या बसल्या त्यानं सांगायला सुरुवात केली. पेनिसिलिनच्या रेणूत एक छोटं कडं असतं, त्याच्यावरच औषधाची सगळी मदार. आमच्या जंतूंजवळ एक विकर, म्हणजे एन्झाइम होतं, ते हे कडं फोडून टाकायचं. “नथीची तार तुटली की ती नाकात राहील का? तसंच,” असं तो म्हणाला आणि नथीच्या उल्लेखानं आईचा चेहरा पडला. मोहरीएवढ्या मलमानं साधे जंतू मेले, विकरवाले उरले, आणि मोकळ्या रानात त्यांचीच प्रजा वाढली. मग आईच्या बोटावर बसून ती नाकोनाक फिरली. आमचे जंतू ज्यात वाढवले ते पाणी गाळून त्यानं पेनिसिलिनमध्ये मिसळलं होतं. त्यानंतर त्या पेनिसिलिननं साधे, गरीब जंतूही मरेनात.

“म्हंजे आमचे जंतू हुशार हायेत,” आई जराशा समाधानानं म्हणाली. लगेच तिची नजर त्याच्या नाकाकडे गेली आणि सवयीनं ती नळी घेऊन उठली.

“त्यांना लावू नको, त्यानं काही होत नाही,” मी म्हणाले. पाहुण्यांसमोर न विचारता मी तोंड उघडलं होतं. मग मी आत जाऊन पाणी तापवलं, फडकं पिळून आणलं आणि शेकायला त्याच्या हातात दिलं. त्यानं ते नाकावर धरलं आणि फडक्याआडून विचारलं, “तुम्हाला ते जंतू सूक्ष्मदर्शकातून पाहायचे आहेत का? तुमचेच आहेत.”

इतकं गोड माझ्याशी आजवर कुणी बोललं नव्हतं.

त्याचे वडील एकदा माझ्या नाकाकडे, एकदा त्याच्या नाकाकडे पाहत राहिले. त्या काळी मुलीला कुणी विचारायचं नाही, पण त्यांनी सरळ मलाच विचारलं, “पोरी, हा असा हाये. घरीदारी जंतूच जंतू करून राह्यते. तुले चालते का?”

मला हो म्हणायचं होतं, पण इतकं हसू फुटलं की शब्दच निघेना. नाक ठणकत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि मी दोन्ही हातांनी नाक धरून जोरजोरात मान हलवत होते.