हाडवैद्याचा कुरव

दीपगृहाकडे चढणाऱ्या रस्त्यावर हाडवैद्याचं घर होतं. गावातल्या प्रत्येक मच्छीमाराचा एखादा तरी सांधा त्याच्या हाताखालून गेलेला. मग दवाखाना आला, एक्स-रेचं यंत्र आलं आणि हाडवैद्य दारातल्या बाकावर माशा मारत बसला. ज्यांचे खांदे त्याने बसवले, तेही आता मान वळवून पुढे जायचे. माणसं उपकार विसरतात हे ठीक, पण इतक्या लवकर? घरातही तेच. सून जेवायला वाढायची, पण बोलायची भिंतीशी.

एकदा वादळात पंख मोडलेला एक कुरव अंगणात येऊन पडला. म्हाताऱ्याने काड्या बांधून त्या समुद्रपक्ष्याचं हाड बसवलं. दीपगृह आणि पक्षी बघायला आलेले पर्यटक थबकले, फोटो काढू लागले, खोदून खोदून विचारू लागले. म्हातारा खुलला. मुलगा बाहेर येऊन सांगू लागला, हे आमचे बाबा. सून न मागता चहा घेऊन आली.

महिन्याभराने पक्षी उडाला, तेव्हा म्हातारा लहान मुलासारखा हसला. पुढच्या रविवारी बस आली. माणसं उतरली आणि त्याच्याकडे ढुंकूनही न बघता वर गेली. सून पुन्हा भिंतीशी बोलू लागली.

दुसरा कुरव त्याने माशाचं डोकं दाखवून पकडला. हाड कुठे मोडतं हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. वादळात सापडला बिचारा, असं त्याने पर्यटकांना सांगितलं आणि ते हळहळले. त्या दिवशी म्हाताऱ्याला घास गिळवेना. त्यात या पक्ष्याने लळा लावला. बोलावलं की मांडीवर यायचा. बरा झाला की सोडायचा आणि पुन्हा हे पाप करायचं नाही, असं म्हाताऱ्याने मनाशी पक्कं केलं.

शनिवारी सकाळी त्याने पट्टी सोडली. पक्ष्याने दोन्ही पंख पसरले. सून दारात उभी राहून बघत होती.

"बाबा, उद्या दोन बस येणार आहेत," ती म्हणाली. इतकं गोड ती कधी बोलली नव्हती.

"तो बरा झालाय गं."

"दिसतंय ना," म्हणून ती आत गेली. तिला कधीपासून ठाऊक होतं कोण जाणे. म्हाताऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याने पक्ष्याला जवळ घेतलं. पक्ष्याने सवयीने त्याच्या मनगटावर मान टेकली. आतून जुनं फडकं फाडल्याचा आवाज आला. सून नवी पट्टी करत होती. म्हाताऱ्याने बोटांनी जुनी जागा चाचपली, डोळे मिटले आणि हाड मोडलं.