दाजींची बोट आणि बुरशी

दाजींचा शेवटचा फोन शिरक्यासाठी आला होता. "मेव्हणीबाई, रविवारी येताना नाशकातून पांढरा शिरका आणा, ते व्हिनेगर. बोटीच्या छताला ठिपके दिसून राहिले." मी म्हटलं, "दाजी, लोक मेव्हणीकडे चिवडा मागतात." "चिवड्यानं बुरशी जात नाय," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. रविवारच्या आधीच भाच्याचा फोन आला. बागेत फिरता फिरता दाजी बांधावर बसले, ते उठलेच नाहीत. मी निघाले ती शिरक्याच्या बाटल्या पिशवीत घेऊनच. का घेतल्या, कोण जाणे... त्यांनी सांगितलं होतं ना, म्हणून.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, दिंडोरीकडचे द्राक्षबागायतदार. लग्न ठरलं तेव्हा त्यांनी ताईला काश्मीरला नेऊन शिकाऱ्यात बसवायचा शब्द दिला होता. पण द्राक्षाला सुट्टी नसते. एप्रिलात छाटणी, ऑक्टोबरात पुन्हा छाटणी, मध्ये भुरी, डावणी हे बुरशीचे रोग आणि गारांची धास्ती. पुढे काश्मीर पेटलं आणि तिकडे जायचीच सोय राहिली नाही. पाहुणे आले की ताई म्हणायची, "आमचा शिकारा अजून छाटणीत अडकलाय." दाजी हसायचे, पण त्यांना ते लागायचं. मग नव्वदच्या दशकात एके दिवशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चक्क एक बोट दारात आली. बंद पडलेल्या कुठल्याशा रिसॉर्टची, फायबरची, वर छत आणि आत स्पंजच्या गाद्या. शेत धरणाच्या फुगवट्याला लागून, त्यामुळे पाण्याची ददात नव्हती. सारा गाव जमला. एका म्हाताऱ्याने विचारलं, "परल्हादा, आता मासं धरतू का काय?" "नाय, बायकोला बसवतो," दाजी म्हणाले. गावाला वर्षभर हसायला तेवढं पुरलं.

ताई मोठ्या तोऱ्यात पुढे झाली, छताखाली डोकं घातलं आणि शिंकत, खोकत बाहेर आली. तिला दमा. कुबट वासाने तिची छाती भरून यायची. "हा वास जाईपर्यंत मी आत पाय ठेवणार नाही," तिने जाहीर केलं. झालं, दाजींनी ते मनावर घेतलं. पावसाळ्यात बोट भिजायला नको म्हणून त्यांनी ती ताडपत्रीत अशी करकचून बांधली की आत मुंगीही शिरू नये. दसऱ्याला पूजेसाठी ताडपत्री सोडली, तर गाद्यांवर हिरवी-पांढरी लव आणि छतावर काळे ठिपके! दुसरा कोणी फडकं आणायला धावला असता. दाजींनी त्या लवेवर हाताचं बोट फिरवलं आणि निदान केलं, "भुरीच हाय की ही." आता बुरशी दिसली की दिंडोरीच्या माणसाचा हात आपोआप पंपाकडे जातो. ड्रमात मोरचूद आणि चुना कालवून त्यांनी द्राक्षावर मारतात ते निळं बोर्डो मिश्रण केलं, पंप पाठीला लावला आणि बोट आतून-बाहेरून फवारून काढली.

"दाजी, अहो ती बोट आहे, वेल नाही!" मी ओरडले.

"बुरशीला काय कळतं, ती कशावर बसली ते?"

वाळल्यावर बोट निळी, गाद्या निळ्या, दाजींचं धोतर निळं आणि खाली झोपलेलं कुत्रंही निळं. ताईने लांबूनच नाकाला पदर लावला.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर दाजी आणखी जाड ताडपत्री घेऊन आले. ताई ओसरीवर शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, बागेत पानं दाट झाली की तुम्ही काय करता?"

"विरळतो. वारा खेळला पायजे, नायतर..." दाजी तिथेच थांबले. ताडपत्री खाली टाकून ते बोटीभोवती पावलांनी खांबांची जागा मोजायला लागले.

त्यानंतर बोटीला द्राक्षासारखा मांडव झाला. लोखंडी खांब, तारा, वर उंचावर ताडपत्री आणि चारी बाजू मोकळ्या. छत शिरक्याने पुसून, कोरडं करून ठेवायचं. गाद्या घरात आणून भिंतीला उभ्या टेकवायच्या, त्यांच्यामागूनही वारा फिरला पाहिजे म्हणून जरा पुढे ओढून. पाहुणे सतरंजीवर बसत. उघडीप पडली की चहा राहिला बाजूला, आधी गाद्या उन्हात! मीसुद्धा कितीदा त्या वाहिल्या आहेत. सुशिक्षित मेव्हणीला हमाली करायला लावणारा असा दाजी जिल्ह्यात दुसरा नसेल.

त्या दसऱ्याला ताईने पुन्हा छताखाली डोकं घातलं. आम्ही सगळे तिच्या नाकाकडे बघत उभे. तिने दीर्घ श्वास घेतला, आणखी एक घेतला आणि म्हणाली, "चला, बसते." दिवाळीनंतर बोट पाण्यात गेली. दाजींनी बुरशीचं सगळं शास्त्र पचवलं होतं, पण वल्ही मारायला शिकायचं राहूनच गेलं होतं. बोट एकाच जागी गोल गोल फिरायला लागली. पैठणी नेसून ताठ बसलेल्या ताईने विचारलं, "काश्मीर आलं का?" "वाटंतच हाय," दाजी म्हणाले. ताई इतकी हसली, इतकी हसली की मला धास्ती वाटली, आता हिला दम लागणार. साधा ठसकासुद्धा लागला नाही. दाजी वल्ही सोडून तिच्याकडे बघत बसले होते. इतका सुखी माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

पुढे दर हिवाळ्यात ती फेरी व्हायची. आता दाजी नाहीत, हे मला अजून पटत नाही. परवा मी गेले तेव्हा उघडीप होती आणि अंगणात गाद्या पसरलेल्या होत्या. एक कमी दिसली म्हणून मांडवात गेले. दाजींची गादी बोटीतच होती, दुपारी ते आडवे व्हायचे त्या नेहमीच्या जागेवर. त्यांच्या डोक्याच्या तेलाचा डाग, तंबाखूचा जरासा वास... मी ती उचलून उन्हाकडे निघाले, तर ताई आडवी आली.

"ती राहू दे."

"अगं, हवा किती दमट आहे. बुरशी धरेल. तुलाच त्रास होईल."

तिने गादी माझ्या हातातून घेतली आणि परत जागेवर ठेवली.

"धरू दे," ती म्हणाली.