हुरड्याच्या रानातल्या भोरड्या

सोनपेठजवळच्या आमच्या रानात ज्वारी हुरड्यात आली, की भोरड्यांचे थवे उतरत. गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची ही पाखरे हिवाळ्यात फार दुरून येतात. त्यांना हाकलण्यासाठी वडील माळ्यावर उभे राहून गोफण चालवीत. मात्र त्यांची एक रीत होती. दिवस कलला, की ते गोफण खांद्यावर टाकून खाली उतरत आणि मावळतीकडच्या ओळी पाखरांना मोकळ्या सोडत. पुढे शाळेत अन्नसाखळी शिकवताना फळ्याऐवजी मला त्याच ओळी दिसत.

त्या रानात धाकट्या भावाने काही वर्षांपूर्वी कृषी पर्यटन केंद्र काढले. भोवती कापूस आणि ऊस. ज्वारी उरली ती त्याच्याकडेच, पाहुण्यांच्या हुरड्यापुरती. फाटकावर पाटी आहे : ‘हुरडा खा, पाखरे पाहा’. आणि कणसे पाखरांनी खाऊ नयेत, म्हणून साऱ्या पिकावर नायलॉनची जाळी आहे.

गेल्या हिवाळ्यात मी तिथे गेले, ती तो थवा पुन्हा एकदा पाहायला मिळेल या आशेने. कणसे भाजायच्या आगटीभोवती शहरातली मंडळी तिळाच्या चटणीशी हुरडा खात होती. इतक्यात जाळीत काहीतरी फडफडले. एक भोरडी अडकली होती. पाहुणे फोन घेऊन धावले; दिवसभरात त्यांना तिथे दिसलेले ते एकमेव पाखरू असावे. भावाने विळ्याने दोरे कापले. ती उडाली, तेव्हा सर्वांनी टाळ्या वाजवल्या. भाऊ मात्र मान खाली घालून कापलेली जाळी गुंडाळत राहिला.

पाहुणे गेल्यावर मी त्याला वडिलांच्या रीतीची आठवण करून दिली. तो म्हणाला, “अक्का, जाळी काढली तर कणसं राहत न्हाईत, ठेवली तर पाखरं येईनात. लोकं दोन्हीसाठी येतेत. मी काय करू?”

“पाखरायलाच आधी फोन करून विचारा की, कवा येताव म्हणून,” भावजयीने आगटीची राख सारखी करत टोमणा मारला.

त्याला हसू आले. ऊन उतरल्यावर त्याने मावळतीकडच्या ओळींवरची जाळी काढली. आम्ही तिघे बांधावर बसलो. चार चिमण्या आल्या. अंधार पडण्यापूर्वी एक थवा नदीच्या अंगाने वळताना दिसला, मोठा, दाट, अगदी पूर्वीसारखा. मी नकळत उभी राहिले. तो आमच्या रानावरून पुढे निघून गेला. इतकी वर्षे झाकलेल्या रानाकडे त्यांनी तरी का पाहावे?

मी परभणीला परतले. या हिवाळ्यात ज्वारी पुन्हा हुरड्यात आली आहे. संध्याकाळी मी भावाला फोन लावते आणि थवा उतरला का, एवढेच विचारते.

“न्हाई अजून,” काल तो म्हणाला. मग त्यानेच सांगितले, “पण मावळतीच्या अंगाला जाळी टाकली न्हाई, अक्का.”