न फुटलेली नळी
कुजलेल्या पाल्याचा वास आला की बीडच्या कॉलेजातली काचेची नळी आठवते. जमिनीत पुरलेल्या अणुकचऱ्यातलं युरेनियम माती धरून ठेवते, हे दाखवायला मी तीत धारूरकडची आमची काळी माती युरेनियम कालवून भरली होती. सात महिने वरून पाणी सोडलं, पण युरेनियम खाली उतरलं नाही. मग कॉलेजचे नळ आटले, म्हणून वडिलांनी विहिरीचं पाणी आणून दिलं. "हिरीत पाला कुजलाय, पिऊ नको," म्हणाले. मी ते नळीत ओतलं, आणि तिसऱ्या दिवशी त्या कुजक्या पाण्याने युरेनियम मातीतून सोडवून खाली आणलं. रडकुंडीला येऊन मी माझ्या मार्गदर्शक सरांना म्हणाले, "पुन्हा करून बघू." "प्रबंध परवा द्यायचाय. सात महिन्यांचंच दे, पुढे नळी फुटली असं लिही," ते म्हणाले. मी लिहिलं. ती नळी अजून माझ्या कपाटात आहे. तिला साधा तडासुद्धा नाही.