पालखीच्या घरांची यादी

चैत्र शुद्ध चतुर्दशी, १९६७. पडवीत बसून मी दळणाचे तांदूळ निवडत होते, तेवढ्यात सासरे कागद-पेन्सिल घेऊन आले.

"उद्या पालखी हाय. तुला लिवता येतं, तर घरं लिव. क्रम नीट लाव, नायतर भांडतील."

आदल्या वैशाखात आमचं गाव जळलं होतं. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायला राब पेटवतात, त्याची ठिणगी वाऱ्याने उडाली आणि गवताची छपरं एकापाठोपाठ एक गेली. माणसं वाचली. पावसाळा झावळ्यांच्या झापांखाली काढला. दिवाळीनंतर रस्त्यालगतच्या माळावर सरकारी प्लॉट मिळाले, कौलारू घरं उभी राहिली, दारांवर नंबर पडले. पण कोणाला कोपऱ्याचा प्लॉट आणि कोणाला खड्ड्यातला, यावरून विहिरीवर बायका एकमेकींशी बोलत नव्हत्या. देवीची पालखी एकदा दारोदार फिरली की सगळं जुळेल, असं जो तो म्हणे.

ओढ्यापलीकडच्या जुन्या गावात पालखीचा पहिला मान काकीचा. एकटी विधवा. तिने प्लॉट घेतला नव्हता. जळालेल्या घराच्या जोत्यावरच कुडाचं घर उभारून राहिली होती.

मी प्लॉटच्या नंबरांप्रमाणे यादी केली. कोणाला बोलायला जागा नको. काकी आठवली नाही असं नाही. पहिली लिहावी तर जुना क्रम आला, म्हणजे पुन्हा वाद. शेवटी लिहावी तर तिचा अपमान. म्हणून लिहिलीच नाही. म्हटलं, पुरुष बघून घेतील. पुरुषांना वाटलं, लिहिलंय ते बरोबरच असेल.

दुसऱ्या दिवशी पालखी छान फिरली. कोपऱ्याच्या प्लॉटवाल्या बाईने खड्ड्यातल्या घरच्या आरतीचं ताट स्वतःहून धरलं. दुपार कलली, तीन घरं उरली होती, तेव्हा नवं लुगडं नेसलेली काकी हातात नारळ घेऊन रस्त्यावर आली.

"सकाळधरनं सारवून बसलेय. माझ्याकडं कवा येणार रं?"

ढोलवाला म्हणाला, "काकी, तुमी नंबर नाय घेतला. देवीला पत्ता कसा गावंल?"

सगळे हसले. मीही हसले.

काकी माझ्याकडे वळली. "बाय, यादी तू लिवलीस ना? माझं घर ह्या गावात नाय?"

"काकी, नारळ इथंच द्या ना. देवी तीच."

"दारात आलेल्या देवाला नारळ देतात गं. रस्त्यात गाठून नाय."

ती नारळ घेऊन परत गेली. ओढा दहा मिनिटांवर होता, दिवसही बराच शिल्लक होता. मी सासऱ्यांना एक शब्द सांगितला असता तर पालखी वळली असती. पण सगळे इतक्या दिवसांनी एकमेकांशी बोलत होते. म्हटलं, आता कशाला मोडता घाला. संध्याकाळी देवी देवळात बसली. मग मी सासऱ्यांना सांगितलं, चूक माझी आहे, उद्या पालखी काढा. ते म्हणाले, "एकदा बसलेली देवी वर्षभर उठत नाय. तुला आदी बोलाया काय झालं होतं?"

त्या दिवसापासून विहिरीवर बायका बोलायला लागल्या, हे मात्र खरं.

सकाळी मी ओढा उतरून गेले. काकी गाठोडं बांधत होती; दहिवलीला लेकीकडे निघाली होती.

"पुढच्या वर्षी पहिलं नाव तुमचं लिहिते," मी म्हणाले.

"लिव," ती म्हणाली. "पण दार उघडाया मी नसंन."

राहा म्हणून मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायचं धैर्य झालं नाही. गाठोडं जड होतं. ते मी डोक्यावर घेतलं, तिच्यामागून चौक गावच्या फाट्यापर्यंत चालत गेले, आणि एसटी आल्यावर तिच्या हातात दिलं.