दातांच्या दवाखान्यातले मिशाळ मासे

खुब्याची शस्त्रक्रिया करून यित्स्केबाई हार्लिंगेन गावातल्या आपल्या घरी परतल्या, तर बैठकीतली माशांची टाकी गायब! तिच्या जागी फुलदाणी, आणि शेजारी भाचा वीब्रेन हसतमुखानं उभा.

"मावशी, तुझा एक व्याप कमी केला बघ. या वयात बादल्या कोण उचलणार? दातांच्या डॉक्टरांना देऊन टाकले मासे. त्यांच्या दवाखान्यात काय शोभतात म्हणून सांगू!"

"अरे मेल्या, माझा खुबा बदललाय, डोकं नाही!" बाई कडाडल्या.

अंगठ्याएवढे, ठिपक्याठिपक्यांचे मिशीवाले मासे ते. मूळचे सुरिनामच्या कुठल्याशा ओढ्यातले. अख्ख्या देशात ते पाळणारी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाई बोटींसाठी कालव्याचा दरवाजा उघडायच्या नोकरीत होत्या तेव्हापासून त्यांची पिलावळ सांभाळत आलेल्या. पिंपातलं गार पावसाचं पाणी टाकीत ओतल्याशिवाय ती जात अंडीच घालायची नाही, मग भर थंडीतही बाई पाणी ओतायच्या.

दुसऱ्याच दिवशी काठी टेकत त्या दवाखान्यात पोचल्या. टाकीत मऊ वाळूऐवजी टोकदार निळी खडी, वर प्लास्टिकचा पाणबुड्या. तळ उकरून खाणारे ते जीव. खडीवर घासून घासून त्यांच्या मिशांचे नुसते खुंट उरले होते.

"अहो, निदान वाळू तरी घाला!" बाई म्हणाल्या.

"निळा रंग आमच्या भिंतींना जुळतो," डॉक्टर फान लोनेन हातमोजे चढवत म्हणाले. "आणि दिलेली वस्तू कुणी परत मागतं का, बाई?"

"दिली कुणी? मी दिली का?"

पण डॉक्टर आत निघूनही गेले होते.

मग बाई रोज तिथं जाऊन बसू लागल्या. येईल त्या पेशंटला टाकी दाखवायच्या. "मिशा बघा त्यांच्या. आता हेच डॉक्टर तुमच्या दाढेला हात लावणार!"

"आजी, तुम्ही दातांसाठी आलेल्या नाही आहात," स्वागतावरची मुलगी वैतागली.

"नाहीच. मी तोंड उघडायला आलेय."

एका सकाळी एक मासा उताणा तरंगत होता. त्या मुलीनं तो कॉफीच्या कपानं उचलला आणि बाईंच्या देखत कचऱ्याच्या डब्यात टाकला. बाईंनी तिथूनच गोसेला फोन लावला. गोसे म्हणजे त्यांच्यासारखाच माशांचा वेडा, म्हातारा बेकरीवाला. तो बादली आणि जाळी घेऊन धावतच आला.

"पोलिसांना बोलावतो!" डॉक्टर बाहेर येऊन ओरडले.

"बोलवा ना! त्यांनाही मिशा दाखवते."

गोसे जाळीनं मासे काढत होता. दाढ बधिर केलेला एक पेशंट गाल धरून उठला, बोबड्या जिभेनं म्हणाला, "द्या इकडं ती वादली," आणि भरलेली बादली त्यानंच गाडीपर्यंत नेली. पोलीस काही आले नाहीत.

मासे बाईंच्या घरी परतले, पण जेमतेम निम्मेच वाचले. रविवारी वीब्रेन साखरेचा पाव घेऊन हजर.

"झालं ना मावशी सगळं गोड?"

"मेले त्यांचं काय गोड झालं? मला एक शब्द विचारायला तुझी जीभ झडली होती?"

"मी तुझ्या भल्यासाठीच…"

"माझं भलं मला कळतं." बाईंनी पावाचा जाड काप काढून त्याच्यापुढं सरकवला. "खा. आणि जाताना माझ्या घराची किल्ली टेबलावर ठेवून जा."