गंगाबाईंनी सांगितलेले खोटे

गंगाबाई कोणाच्याही घरी आल्या की आधी अंथरुणावर तळहात दाबून बघत. पंचाहत्तर साली मी शिक्षिका म्हणून लाखनीला आले. शेजारीण म्हणून भेटायला आल्या, माझ्या गादीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बाई, कापसाच्या गाठी झाल्या हाये. कंबर दुखत असन तुमची." दुखत होती. मी ते कोणालाच सांगितले नव्हते.

त्या गावात गोधड्या शिवून देत. बाळंतिणीला जुन्या धुवट लुगड्यांची गोधडी, थंडीत म्हाताऱ्यांना खाली तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, थर आणि वर घोंगडी, उन्हाळ्यात नुसती शिंदीची चटई. "नरम म्हणजे चांगला, असा नसते," त्या म्हणत. "आंगाले हवा पायजे."

त्यांचे यजमान दौलतराव चिंचेवरून पडून कमरेखाली लुळे झाले होते. गंगाबाई त्यांच्याखाली पातळ गोधड्यांचे थर घालत, वरची रोज धुऊन उन्हात टाकत आणि हातातले काम सोडून पुन्हा पुन्हा त्यांची कूस बदलत. नऊ वर्षे मी हे शेजारून पाहिले. त्या पाठीवर एक फोड आला नाही.

मग त्यांचा मुलगा सुरेश साकोलीहून फोमची गादी घेऊन आला. वर रेक्झिनची खोळ. गंगाबाई नको म्हणाल्या. सुरेशने मला मध्ये घातले आणि मीही शहाणपणा केला. "घ्या हो, त्यांना आराम पडेल," म्हटले. त्यांनी गादीवर तळहात दाबून पाहिला. "तुमी शिकलेल्या हा. टाका मंग."

त्याच आठवड्यात आसगावला दिलेली लेक बाळंत झाली आणि त्यांना जावे लागले. निघताना सुरेशला म्हणाल्या, "गादी कोनतीबी असो, कूस बदलाले भुलू नोको." एवढ्या मऊ गादीवर त्याची गरज नाही, असे सुरेशला वाटले. मी दोनदा दारातूनच विचारपूस केली. दौलतराव "बेस हाये" म्हणाले. त्यांना कमरेखालचे काही कळतच नव्हते.

तीन आठवड्यांनी गंगाबाई परतल्या. हातातले गाठोडे खाली ठेवण्याआधीच त्यांनी नवऱ्याच्या कमरेखाली हात घातला. हात ओला निघाला. माकडहाडापाशी हाड दिसेल एवढी जखम झाली होती. दवाखाना झाला, मलमपट्ट्या झाल्या, पण ताप उतरला नाही. महिनाभरात दौलतराव गेले.

तेरवीनंतर मी त्यांच्याकडे गेले. "माझं चुकलं," मी म्हटले.

"तुमी दारातून पायलं बाई," गंगाबाई म्हणाल्या. "आत याले पायजे होतं."

तेवढ्यात सुरेश आला. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. माझ्याजवळ बसून हळूच म्हणाला, "माय सांगते, तिच्या हातूनबी असा घाव दोनदा झाला होता. मी लहान होतो, मले मालूम नव्हता. बाबाचा आंगच तसा होता म्हनते."

मी गंगाबाईंकडे पाहिले. त्या मान खाली घालून सुपातल्या तांदळातले खडे वेचत होत्या.

"हो," मी म्हटले, "मला आठवतं ते."